नाव भाड्याने देण्याआधी: छोट्या व्यावसायिकासाठी ट्रेडमार्क आणि फ्रँचायझीचा कायदा, पायरीपायरीने

धंदा बरा चालायला लागला की एक दिवस कुणीतरी विचारतंच, "तुमच्या नावाने मीही एक शाखा काढू का?" प्रश्न सुखावणारा असतो. मग सुरुवातीची फी किती, रॉयल्टी (नाव वापरल्याबद्दल विक्रीतून द्यायचा वाटा) किती टक्के यावर बोलणी होतात. कुठून तरी तयार करारनामा मिळतो, त्यातली नावं बदलली जातात, सह्या होतात. एक गोष्ट मात्र कुणी विचारलेली नसते: जे नाव आपण वापरायला देतोय, ते कायद्याने आपलं आहे का?

फ्रँचायझी म्हणजे मुळात नाव आणि धंद्याची पद्धत भाड्याने देणं. घर भाड्याने देताना घराचे कागद आपल्या नावावर आहेत ना, हे आपण आधी बघतो. नावाच्या बाबतीत बहुतेक जण करार आधी करतात आणि कागद नंतर शोधतात. म्हणून या लेखाचा अर्ध्याहून जास्त भाग नावावर आहे आणि करार उशिरा येतो. उदाहरणासाठी कपडे धुऊन देणारा एक काल्पनिक व्यवसाय धरू आणि त्याला 'झळाळ' म्हणू.

पायरी १: नावात दम आहे का?

कायद्याच्या नजरेत सगळी नावं सारखी नसतात. 'लाँड्री' हा शब्द त्या धंद्याचंच नाव आहे, तो कुणा एकाच्या मालकीचा होऊच शकत नाही. 'स्वच्छ धुलाई' हे सेवेचं नुसतं वर्णन झालं, त्यावरही सहसा हक्क मिळत नाही. 'झळाळ' सूचक आहे. ऐकणाऱ्याला क्षणभर विचार करावा लागतो आणि मग कपड्यांशी नातं लागतं. अशी नावं बहुधा नोंदली जातात. त्याहून भक्कम म्हणजे वस्तूशी काही संबंध नसलेला शब्द, जसं संगणकासाठी 'ॲपल'. सगळ्यात भक्कम म्हणजे घडवलेला शब्द. 'कोडॅक' हा शब्द जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये असाच, काहीही अर्थ नसलेला, बनवून घेतला होता.

गंमत अशी की मालकांना नेमकी वर्णन करणारी नावंच आवडतात, कारण गिऱ्हाइकाला लगेच कळतं. जे सगळ्यांना लगेच कळतं ते सगळ्यांना वापरायलाही लागतं, म्हणून कायदा ते एकाच्या हाती देत नाही. वर्षानुवर्षं वापरून अशा नावालाही ओळख मिळू शकते, पण ती जाहिराती, बिलं आणि विक्रीचे आकडे ठेवून सिद्ध करावी लागते. आडनावं आणि गावांची नावं यांचीही साधारण हीच गत.

भक्कम नावही वापराने बिघडतं. 'एस्केलेटर' हे एकेकाळी ओटिस कंपनीचं नोंदलेलं नाव होतं. लोक, आणि खुद्द कंपनीसुद्धा, सरकत्या जिन्यालाच ते नाव लावू लागले आणि १९५० मध्ये अमेरिकेत तो हक्क गेला. 'ॲस्पिरिन'चं अमेरिकेत १९२१ मध्ये तेच झालं. म्हणून स्वतःच्या पत्रकात 'कपडे झळाळ करून घ्या' असं कधी छापू नका. 'झळाळ लाँड्री सेवा' असं छापा. नावाला क्रियापद किंवा वस्तूचं नाव होऊ द्यायचं नाही.

पायरी २: आधी कुणी घेतलंय का?

भारत, अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्या ट्रेडमार्क नोंदी ऑनलाइन फुकट शोधता येतात. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा अनेक देशांचा एकत्रित शोधही आहे. बहुतेक जण तिथे आपलं नाव हुबेहूब टाकतात, काही सापडलं नाही की खूश होतात. तो शोध नव्हेच.

कायदा दोन नावं शेजारी शेजारी ठेवून बघत नाही. अर्धवट आठवण असलेल्या सामान्य गिऱ्हाइकाचा गोंधळ होईल का, एवढं बघतो. त्यामुळे 'झळाळ'बरोबर 'झळाळी', 'झलाल', 'झळक', 'झलक' हेही शोधा. रोमन लिपीत 'ळ' कुणी 'एल'ने लिहितं, कुणी डबल 'एल'ने, तर कुणी 'आर'ने. ती सगळी रूपं टाकून बघा. अर्थानेही शोधा, कारण काही देशांत परक्या भाषेतल्या शब्दाचं भाषांतर करूनही तुलना होते. अर्जात नावाचा उच्चार आणि अर्थ लिहून द्यावा लागतो, तो त्यासाठीच. हे सगळं आपल्याच धंद्याच्या आणि त्याला लागून असलेल्या वर्गांत करायचं. वर्गांचं पुढे येतंच.

मग नोंदणी न केलेले लोक. अनेक देशांत, भारत धरून, आधीपासून प्रामाणिकपणे नाव वापरणाऱ्याला नोंदणी नसली तरी संरक्षण आहे. भारताच्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातलं कलम ३४ नेमकं हेच सांगतं. तेव्हा दुकानांच्या याद्या, नकाशे, कंपन्यांच्या नोंदी, वेबसाइटची नावं, समाजमाध्यमांवरची खाती हे सगळं चाळा.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो, कारण तो मी सतत ऐकतो: "कंपनी याच नावाने नोंदलीय, म्हणजे नाव माझं." कंपनीची नोंदणी, दुकानाचा परवाना आणि डोमेन (वेबसाइटचं नाव) यांपैकी कशानेही ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही. कंपनीच्या कागदावर नाव असलेल्या माणसालाही ते पाटीवरून उतरवायला लागू शकतं.

पायरी ३: कोणत्या वर्गात, कुणाच्या नावाने?

१९५७ च्या नीस करारापासून चालत आलेली वर्गवारी आज बहुतेक देश वापरतात. एकूण ४५ वर्ग आहेत. १ ते ३४ वस्तूंचे, ३५ ते ४५ सेवांचे. कपडे धुऊन देण्याची सेवा ३७ मध्ये येते. 'झळाळ' नावाची साबण पावडर विकायची असेल तर वर्ग ३. मोबाइलवर उतरवून घ्यायचं ॲप असेल तर ९. इथे एक चूक फार होते. 'मी व्यवसाय करतो' म्हणून लोक सरळ ३५ व्या वर्गात अर्ज टाकतात. ३५ हा दुसऱ्याला धंदा चालवायला मदत करणाऱ्या सेवांचा वर्ग आहे. फ्रँचायझी देताना त्याचा उपयोग होऊ शकतो, पण धुलाईचं नाव वाचवायचं काम ३७ करतो. तो सोडून ३५ घेतला तर घर सोडून अंगणाला कुलूप लावल्यासारखं होतं.

उलट, झाडून सगळे वर्ग घेणंही शहाणपणाचं नाही. वापर नसलेला वर्ग पुढे रद्द होऊ शकतो. शिवाय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्कायकिक खटल्यात म्हटलं की वापरायचा खरा इरादा नसताना अवाच्या सवा यादी देणं हे वाईट हेतूने केलेला अर्ज ठरू शकतं. आज जे करता आणि पुढच्या तीन-चार वर्षांत जे खरंच करणार आहात, तेवढंच मागा.

पैसे एकाच अर्जापुरते असतील तर नुसत्या शब्दाचा अर्ज आधी करा. लोगोचे रंग आणि वळणं दर काही वर्षांनी बदलतात, शब्द टिकतो. लोगोच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. चित्रकाराला पैसे दिले म्हणून चित्राचा कॉपीराइट आपोआप आपल्याकडे येतो असं सगळीकडे नाही. दोन ओळींचं का होईना, हक्क आपल्या नावे केल्याचं पत्र त्याच्याकडून सही करून घ्या. काम ताजं असतं तेव्हा तो हसत सही करतो. पन्नास शाखा झाल्यावर तितकं हसू नसतं.

अर्जदार कोण, हे शेवटचं. भागीदारीत दोघांपैकी एकाने घाईत स्वतःच्या नावाने अर्ज केला आणि पुढे बिनसलं, तर धंदा एकाकडे आणि नाव दुसऱ्याकडे राहतं. जो पुढे फ्रँचायझी करारावर मालक म्हणून सही करणार, त्याच्याच नावावर ट्रेडमार्क हवा.

पायरी ४: अर्ज टाकला, आता टपालावर नजर

अर्ज झाला की तपासणी, मग जाहीर प्रसिद्धी, मग इतरांना हरकत घ्यायला मुदत आणि शेवटी नोंद, असा साधारण क्रम आहे. काही देशांत हरकतीची पायरी नोंदीनंतर येते. भारतात तपासणी अहवालाला उत्तर द्यायला एक महिना असतो. प्रसिद्धीनंतर हरकतीसाठी चार महिने. हरकत आली तर तिची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत उत्तर द्यायचं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. हरकतीची मुदत अमेरिकेत ३० दिवस आणि युरोपीय संघात तीन महिने आहे. अर्ज मरण्याचं फार साधं कारण म्हणजे न वाचलेला ईमेल. अर्जात दिलेला पत्ता एजंटचा असेल आणि एजंट बदलला, तर नोटीस त्याच्याकडेच पडून राहते. महिन्यातून एकदा अर्जाची स्थिती स्वतः बघा.

या काळात नावापुढे 'टीएम' लावायला हरकत नाही. गोलातला 'आर', म्हणजे 'रजिस्टर्ड'ची खूण, मात्र नोंद झाल्यावरच. भारत आणि ब्रिटनसह अनेक देशांत नोंद नसताना तो लावणं गुन्हा किंवा दंडनीय आहे.

देश कोणताही असो, हक्क त्या देशापुरताच. चीन, जपानसारख्या देशांत मुख्यतः आधी अर्ज करणाऱ्याचं पारडं जड असतं. भारत, अमेरिकेत आधी वापरणाऱ्याला बरंच वजन आहे. म्हणून पहिलं बिल, पहिली जाहिरात, पाटीचा तारखेसकट फोटो जपून ठेवा. परदेशात जायचा विचार असेल तर पहिल्या अर्जापासून सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या देशात अर्ज केल्यास पॅरिस करारानुसार तिथेही पहिल्या अर्जाचीच तारीख धरली जाते. माद्रिद पद्धतीत एकाच अर्जाने अनेक देश निवडता येतात. भारत त्यात २०१३ पासून आहे. तिची मेख अशी की पहिली पाच वर्षं सगळी नोंद मूळ देशातल्या अर्जावर टेकलेली असते. घरचा अर्ज पडला की बाहेरचेही पडतात, आणि मग ते ठरावीक मुदतीत देशोदेशी वेगळ्या अर्जांत बदलून घ्यावे लागतात.

नोंद बहुतेक ठिकाणी दहा वर्षांची, नंतर दर दहा वर्षांनी नूतनीकरण. वापर थांबला तर मात्र नोंद रद्द करायला इतरांना वाव मिळतो. जपान आणि चीनमध्ये तीन वर्षं, युरोपीय संघ आणि भारतात साधारण पाच. अमेरिकेत तर पाचव्या आणि सहाव्या वर्षांच्या दरम्यान 'अजून वापरतोय' असं लिहून द्यावं लागतं.

पायरी ५: नाव दिलं म्हणजे लक्ष काढलं असं नाही

आता दुसऱ्याला नाव वापरायला द्यायचं. इथे सगळ्यात महाग चूक म्हणजे दर्जावर देखरेख न ठेवणं. ट्रेडमार्क गिऱ्हाइकाला एक भरवसा देतो: या नावाखाली मिळेल ते एकाच हाताखालचं आहे. मालकाने हात काढून घेतला तर काही देशांत नावच जातं.

अमेरिकेतल्या २००२ च्या बारकामेरिका खटल्यात 'लिओनार्दो दा विंची' हे वाइनचं नाव मालकाने एका द्राक्षमळेवाल्याला वापरायला दिलं होतं. करारात दर्जाबद्दल अक्षरही नव्हतं. मालकाकडच्या माणसाने कधीमधी वाइन चाखली होती आणि मळेवाल्याचा लौकिक चांगला आहे यावर विसंबून होतो, एवढंच सांगायला होतं. वाइन वाईट होती असं कुणीच म्हणालं नाही. तरी नाव गेलं, कारण प्रश्न वाइनच्या चवीचा नव्हता, मालकाने लगाम धरला होता का याचा होता.

म्हणून 'झळाळ'च्या करारात काय लिहायचं? धुण्याचं पाणी, तापमान, साबण, कपडे परत द्यायची वेळ, तक्रारीला उत्तर द्यायची वेळ हे सगळं कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत, आणि करारात एक ओळ की पुस्तिका बंधनकारक आहे व मालक ती बदलू शकतो. तपासणीचा अधिकार, न कळवता येण्याची मुभा. आणि मग खरंच जा. भेटीची तारीख, काय दिसलं, काय सुधारायला सांगितलं याची वही ठेवा. न्यायालयात कलमापेक्षा ही वही जास्त बोलते. आणखी एक वाक्य कराराबाहेर राहू नये: शाखेच्या वापराने नावाला जी पत मिळेल ती मालकाच्या खात्यात जमा होईल.

पायरी ६: कायदा याला फ्रँचायझी म्हणतो का?

करारावर 'परवाना' किंवा 'वितरण' असं शीर्षक घातल्याने सुटका होत नाही. अमेरिकेच्या संघीय नियमात तीन गोष्टी बघतात: नाव वापरायला दिलं, धंद्याच्या पद्धतीवर बराच ताबा किंवा मदत आहे, आणि ठरावीक रकमेहून जास्त पैसे भरावे लागतात. तिन्ही जुळल्या की ती फ्रँचायझी, मग शीर्षक काहीही असो.

फ्रँचायझी ठरली की अनेक देशांत सहीआधी घेणाऱ्याला धंद्याचं माहितीपत्रक द्यावं लागतं. अमेरिकेत १९७९ पासून हा नियम लागू आहे. आज त्या माहितीपत्रकात २३ बाबी असतात आणि ते सहीच्या किंवा पैसे देण्याच्या किमान १४ दिवस आधी हाती पडलं पाहिजे. फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्याने २० दिवस. चीनमध्ये ३० दिवस, शिवाय देणाऱ्याकडे स्वतःच्या किमान दोन शाखा वर्षाहून जास्त काळ चाललेल्या हव्यात. हा चिनी नियम मला फार पटतो. एकच दुकान, तेही सहा महिन्यांचं, आणि फ्रँचायझी विकायला निघालेले लोक सगळीकडे दिसतात. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात पत्रक दिलंच नाही तर घेणारा दोन वर्षांपर्यंत करार मोडून पैसे परत मागू शकतो. दक्षिण आफ्रिकेत सहीनंतर दहा कामकाजी दिवसांत काही न गमावता बाहेर पडता येतं.

भारत आणि ब्रिटन यांच्याकडे फ्रँचायझीचा स्वतंत्र कायदा नाही. भारतात १८७२ चा करार कायदा, १९९९ चा ट्रेडमार्क कायदा, २००२ चा स्पर्धा कायदा यांतूनच वाट काढायची. म्हणजे माहितीपत्रक सक्तीचं नाही, पण मागायला बंदीही नाही.

घेणाऱ्या बाजूने असाल तर

पहिली मागणी: ट्रेडमार्क नोंदीचा उतारा. त्यावरचा मालक आणि करारातला मालक एकच आहे का? वर्ग बरोबर आहे का? स्थिती 'नोंदलेलं' आहे की 'हरकत आलेली'? नुसता अर्ज दाखवून कुणी 'आमचा रजिस्टर्ड ब्रँड' म्हणत असेल तर तिथेच थांबा. दुसरी मागणी: बंद पडलेल्या शाखांची नावं. अमेरिकी माहितीपत्रकात गेल्या वर्षी बाहेर पडलेल्यांचे संपर्कही द्यावे लागतात. चालू शाखावाले गोड बोलतात, कारण त्यांना शाखा विकायची असू शकते. बाहेर पडलेला खरं सांगतो. कमाईचे आकडे तोंडी सांगितले तर "हे लिहून द्याल का?" एवढंच विचारा आणि चेहरा बघा.

पायरी ७: करारातली वादाची ठिकाणं

रॉयल्टी उलाढालीवर असते, नफ्यावर नव्हे. तोट्याच्या महिन्यातही ती द्यावी लागते. जाहिरात निधी वेगळा असेल तर त्याचा हिशोब कोण, कधी दाखवणार?

हद्द ठरवताना फक्त दुकानांबद्दल लिहू नका. 'झळाळ'च्या ॲपवरून एखाद्या शाखेच्या हद्दीतल्या माणसाने कपडे दिले तर ते काम कुणाचं? आजकालचे बरेच तंटे इथेच उगवतात.

दर ठरवून देणं नाजूक आहे. युरोपच्या न्यायालयाने १९८६ मध्ये प्रोनुप्टिया या लग्नाच्या पोशाखांच्या साखळीच्या खटल्यात पायाच घातला. रॉयल्टीच्या थकबाकीवरून सुरू झालेला तो वाद होता. न्यायालय म्हणालं, पद्धतीची गुपितं जपणारी आणि साखळीची ओळख राखणारी बंधनं चालतील, सुचवलेले दरही चालतील, पण दर लादणं आणि बाजार आपसात वाटून घेणं ही स्पर्धेवरची बंधनं आहेत. त्यामुळे दरपत्रकावर 'सुचवलेले दर' लिहा आणि ते खरंच सुचवलेलेच ठेवा.

स्पर्धा न करण्याच्या अटीला देशागणिक वेगळं वजन आहे. भारतात करार चालू असतानाची अट टिकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोला यांच्या खटल्यात मान्य केलं. करार संपल्यानंतरची अट मात्र, धंदा करण्यापासून रोखणारे करार रद्द धरणाऱ्या करार कायद्याच्या कलम २७ समोर सहसा उभी राहत नाही. भिस्त त्या अटीवर न ठेवता नाव, पुस्तिका आणि गिऱ्हाइकांची यादी परत घेण्यावर ठेवा.

मुदत आणि जागेचा भाडेकरार यांचा मेळ घाला. पाच वर्षांची फ्रँचायझी आणि तीन वर्षांची जागा, हे दर दुसऱ्या करारात दिसतं.

शेवटची पायरी: वेगळं होण्याचा दिवस

हे कलम सहीच्या दिवशी कुणालाच वाचायचं नसतं, म्हणून ते सगळ्यात ढिलं राहतं. "करार संपल्यावर ब्रँडचा वापर बंद करावा" एवढ्याने भागत नाही. पाटी किती दिवसांत उतरवायची? गणवेश, पिशव्या, पावती पुस्तकं कुठे जमा? न उतरवल्यास रोजचा दंड किती? आणि हल्ली पाटीहून मोठं घबाड म्हणजे फोन नंबर, नकाशावरची नोंद, समाजमाध्यमांवरचं खातं. शाखेने ते स्वतःच्या मोबाइलवरून काढलेलं असतं. मग करार संपून वर्ष झालं तरी 'झळाळ' शोधणारं गिऱ्हाईक जुन्याच दारात उभं राहतं, जिथे आता दुसरंच नाव लावलेलं असतं. ही खाती पहिल्या दिवसापासून मालकाच्या ईमेलवर उघडा, शाखेला फक्त वापरायचा अधिकार द्या. आणि नंबर हस्तांतरित करायच्या अर्जावर सही करारासोबतच घेऊन ठेवा, तारखेची जागा मोकळी ठेवून. तशी कोरी तारीख चालते का, हे मात्र आपल्या वकिलाला आधी विचारा.